सेसू हायाकावा : खलनायकाच्या मुखवट्यामागचा बौद्ध कलावंत

सप्टेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने एका विस्मृतीत गेलेल्या अभिनेत्याच्या चित्रपटांची मालिका दाखवली. त्या अभिनेत्याचे नाव सेसू हायाकावा. जपानच्या किनाऱ्यावरच्या एका गावात जन्मलेला हा माणूस शंभर वर्षांपूर्वी हॉलिवूडच्या सर्वात मोठ्या ताऱ्यांपैकी एक होता. चार्ली चॅप्लिन आणि डग्लस फेअरबँक्स यांच्या बरोबरीने त्याचे नाव घेतले जाई. अमेरिकन पडद्यावर नायक म्हणून उभा राहिलेला तो पहिला आशियाई तारा. आणि उत्तरायुष्यात तो झेन परंपरेतला दीक्षित धर्मगुरू झाला.

आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेले नाही. त्यात आपला दोष नाही. ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला, त्यांची नावे अशीच गळतात. पण आंबेडकरी चळवळीतल्या तरुणांनी हा माणूस ओळखला पाहिजे, असे आम्हाला वाटते. तो बौद्ध होता एवढे एकच कारण त्यामागे नाही. आपली प्रतिमा कोण घडवतो, ती कोणाच्या पैशाने घडते आणि ती मोडायची कशी, हा जो प्रश्न आज आपल्यापुढे आहे, तोच प्रश्न तो आयुष्यभर जगला. कधी जिंकला, कधी हरला, कधी चुकलासुद्धा.

किनाऱ्यावरचे गाव आणि मोडलेले स्वप्न

हायाकावा यांचे मूळ नाव किंतारो. जन्म १० जून १८८६ रोजी चिबा प्रांतातील नानाउरा या गावी. काही जुन्या नोंदींत जन्मवर्ष १८८९ असे दिले जाते. घर खाऊनपिऊन सुखी होते. मुलाने नौदलात अधिकारी व्हावे ही घरच्यांची इच्छा. १९०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केला होता. आशियातला एक देश युरोपच्या एका महासत्तेला हरवू शकतो, या घटनेने सारा आशिया हलला होता. जपानी घरांत नौदलाच्या गणवेशाला तेव्हा काय मान असेल, याची कल्पना करता येते.

पण पाण्यात खोल सूर मारताना किंतारोच्या कानाचा पडदा फाटला आणि नौदलाचा दरवाजा बंद झाला. वडिलांना ही घराण्याची नामुष्की वाटली. त्या शरमेत या कोवळ्या मुलाने स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे. घरच्यांनी त्याला वाचवले. बरे होण्याच्या काळात तो एका झेन गुरूच्या सहवासात राहिला. ध्यान, मौन, श्वासाकडे पाहणे, मनात उठणाऱ्या लाटा बघत राहणे हे सगळे तो तिथे शिकला.

या प्रसंगापाशी थोडे थांबायला हवे. रोहित वेमुलाचे जाणे आपण विसरलेलो नाही. आपल्या कितीतरी मुलामुलींना आजही अशा काळोखातून जावे लागते. किंतारोला घराण्याची प्रतिष्ठा गमावल्याची लाज वाटत होती. आपल्या मुलांच्या वाट्याला अपमान येतो तो त्यांनी काही गमावले म्हणून येत नाही, त्यांचा जन्म कुठे झाला यावरून येतो. कारणे वेगळी आहेत. पण त्या क्षणी कोणीतरी दार फोडून आत येणे आणि नंतर कोणीतरी शांतपणे शेजारी बसणे, या दोन गोष्टींची गरज दोघांनाही सारखीच. विहार म्हणजे केवळ वंदनेची जागा नव्हे. असे शेजारी बसणारे माणूस जिथे मिळते, तो विहार.

अमेरिकेचा पडदा आणि शाप देणारा बुद्ध

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात किंतारो अमेरिकेत पोहोचला. तिथे जपानी माणसाला काय स्थान होते, हे आधी समजून घेऊ. जपानी स्थलांतरिताला अमेरिकेचे नागरिकत्व मिळत नसे. कॅलिफोर्नियाने १९१३ साली कायदा करून अशा लोकांना शेतजमीन विकत घेण्यास बंदी केली. गोऱ्या व्यक्तीशी त्यांचे लग्न तिथे बेकायदा होते. जमीन नाही, नागरिकत्व नाही, बेटीव्यवहार नाही. हा नकाशा आपल्याला नवा नाही. मनुस्मृतीचे नाव न घेता मनुस्मृती कशी राबवता येते, याचे ते उदाहरण होते.

लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियो वस्तीत जपानी कामगारांसाठी नाटके होत. तिथे किंतारो नाटकात उतरला आणि त्याने सेसू हे नाव घेतले. त्याच वर्तुळात त्सुरू आओकी होती. १८९९ मध्ये कावाकामी नाटक मंडळीबरोबर लहान वयात अमेरिकेत आलेली ही मुलगी पासाडेना येथील एका जपानी चित्रकाराने दत्तक घेतली होती. हायाकावा यांच्या आधी ती चित्रपटात आली. थॉमस इन्स या निर्मात्याच्या कंपनीत दोघांनाही कामे मिळाली. मे १९१४ मध्ये त्यांनी लग्न केले. हायाकावा यांची कहाणी सांगताना त्सुरू आओकी यांना अनेकदा पत्नी म्हणून एका ओळीत उरकले जाते. प्रत्यक्षात त्या स्वतः तारका होत्या आणि त्या वाटेवरचे पहिले पाऊल त्यांचे होते.

१९१४ सालच्या सुरुवातीच्या चित्रपटांपैकी एक होता ‘द रॅथ ऑफ द गॉड्स’. त्या वर्षी जानेवारीत जपानमध्ये साकुराजिमा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता. त्या बातमीवर घाईघाईने ही कथा रचली गेली. एका कोळ्याच्या मुलीला बुद्धाचा शाप आहे, तिने लग्न केले तर ज्वालामुखी फुटेल, अशी ती कथा. मुलगी अमेरिकन खलाशाच्या प्रेमात पडते, क्रूसाचा आधार घेते आणि गाव लाव्ह्याखाली जाते. म्हाताऱ्या बापाची भूमिका हायाकावा यांनी केली, मुलीची आओकी यांनी. दोघांच्या वयात फार अंतर नव्हते.

शाप देणारा बुद्ध! ज्या तथागताने शाप, वर, नवस आणि दैवी कोप यांना आपल्या धम्मात जागाच ठेवली नाही, त्यालाच पडद्यावर रागीट देव करून टाकले. कथा लिहिणाऱ्यांना बुद्ध ठाऊक नव्हता. त्यांना फक्त पूर्वेची अंधश्रद्धा दाखवायची होती. आणि ती दाखवण्यासाठी चेहरे मात्र बौद्ध देशातलेच हवे होते. दुसऱ्याच्या कथेत उभे राहिलो की आपलाच चेहरा आपल्याविरुद्ध कसा वापरला जातो, याचा हा पहिला धडा होता.

खांद्यावरचा डाग

दुसरा धडा अधिक मोठा होता. १३ डिसेंबर १९१५ रोजी सेसिल डीमिल यांचा ‘द चीट’ प्रदर्शित झाला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणारा एक श्रीमंत जपानी व्यापारी. त्याच्या वर्तुळातली एक गोरी स्त्री मदतनिधीचे दहा हजार डॉलर सट्ट्यात घालवते. व्यापारी तिला पैसे देतो, पण त्या बदल्यात तिलाच मागतो. ती पैसे परत करायला येते, तेव्हा तो आपल्या वस्तूंवर उमटवतो तोच शिक्का तापवून तिच्या खांद्यावर उमटवतो. शेवटी न्यायालयात ती तो डाग दाखवते आणि गोरा जमाव त्या व्यापाऱ्यावर तुटून पडतो.

हायाकावा या चित्रपटाने एका रात्रीत तारा झाले. त्या काळी मूकपटांत हातवारे आणि डोळे फिरवणे म्हणजे अभिनय समजत. हायाकावा जवळजवळ स्थिर उभे राहत. चेहऱ्यावर काहीच नाही आणि तरी सगळे आहे, असा तो अभिनय होता. फ्रान्समधले लेखक आणि समीक्षक या शांततेने थक्क झाले. चित्रपट ही नाटकाहून वेगळी कला आहे, हे सांगताना तिथले लोक हायाकावा यांचे उदाहरण देऊ लागले.

पण लॉस एंजेलिसच्या जपानी समाजाला संताप आला. ‘राफू शिंपो’ या तिथल्या जपानी वृत्तपत्राने चित्रपटाविरुद्ध आणि हायाकावा यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. रस्त्यावर, कामावर, भाड्याचे घर शोधताना या लोकांना आधीच संशयाने पाहिले जात होते. त्यांच्या दृष्टीने हा चित्रपट म्हणजे आगीत तेल होते. एका अभिनेत्याच्या यशाची किंमत साऱ्या वस्तीने का मोजायची, हा त्यांचा सवाल रास्त होता. जपानमध्येही हायाकावा यांच्यावर देशद्रोहाचा ठपका आला.

पुढे जे झाले ते आपण विशेष लक्षात ठेवावे. पहिल्या महायुद्धात जपान अमेरिकेच्या बाजूचा देश होता. १९१८ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना मित्रदेशाला दुखवायला नको म्हणून पाट्यांमध्ये बदल केला गेला. जपानी व्यापाऱ्याला ब्रह्मी हस्तिदंताचा राजा करण्यात आले. चेहरा तोच, शिक्का तोच, क्रौर्य तेच. फक्त देश बदलला. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता. त्याच्या बाजूने तक्रार करणारा कोणी वकील, कोणी राजदूत नव्हता. म्हणून अपमान उचलून त्याच्या दारात टाकता आला. एका बौद्ध देशावरून दुसऱ्या बौद्ध देशावर. याच ब्रह्मदेशात, रंगूनमध्ये, १९५४ साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब गेले होते. अपमान नेहमी तिथेच जाऊन पडतो, जिथे त्याला उत्तर देणारी ताकद नसते. आपण संघटित का व्हायचे, याचे याहून स्पष्ट कारण शोधायला नको.

आणखी एक योगायोग. ‘द चीट’ न्यूयॉर्कमध्ये गाजत होता, त्या वेळी बाबासाहेब त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ९ मे १९१६ रोजी तिथल्या एका परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. एका बाजूला पडदा सांगत होता की पूर्वेचा माणूस दुसऱ्याच्या अंगावर मालकीचा डाग उमटवतो. दुसऱ्या बाजूला पूर्वेचाच एक तरुण शोधत होता की जन्माच्या वेळीच माणसावर डाग उमटवणारी व्यवस्था तयार कशी होते, ती टिकते कशी. पडद्याला खलनायक हवा होता. बाबासाहेब यंत्रणेचा शोध घेत होते. हा फरक आपल्या लेखक-दिग्दर्शकांनी मनात कोरून ठेवावा.

प्रेम आहे, पण मिलन नाही

या यशानंतर पॅरामाउंटने हायाकावा यांना एकामागून एक चित्रपट दिले. गोऱ्या स्त्रिया त्यांच्या चित्रपटांना गर्दी करत. रुडॉल्फ व्हॅलेंटिनोच्या कितीतरी आधी ते पडद्यावरचे प्रियकर होते. तरीही कथेचा साचा ठरलेला होता. ते गोऱ्या नायिकेवर प्रेम करू शकत, पण तिला मिळवू शकत नसत. शेवटी ते त्याग करत, मायदेशी परतत किंवा मरत. बॉक्स ऑफिसला त्यांचे सौंदर्य चालत होते, पण त्यांचे माणूसपण कायद्याला आणि समाजाला नको होते. पुढे १९३० साली हॉलिवूडने स्वतःसाठी जी आचारसंहिता लिहिली, तिच्यात वंशांमधील प्रेमसंबंध दाखवण्यावर उघड बंदीच आली.

ही गोष्ट वाचून कोणाला ‘सैराट’ आठवला तर नवल नाही. ‘सैराट’ने मात्र उलट केले. प्रेमाचा शेवट कोण करतो, ते हात दाखवले.

आपल्या अभिनयाबद्दल बोलताना हायाकावा ‘मुगा’ हा जपानी शब्द वापरत. काही न करता असणे, स्वतःला बाजूला ठेवून भूमिकेत उतरणे, असा अर्थ ते त्याला देत. हा शब्द आपल्या घरचाच आहे. पाली ‘अनत्त’, संस्कृत ‘अनात्म’, त्याचा चिनी-जपानी अनुवाद म्हणजे मुगा. मठात शिकलेली गोष्ट त्यांनी कॅमेऱ्यासमोर वापरली. भारतातून निघालेला एक विचार चीन, जपान करत हॉलिवूडच्या स्टुडिओत पोहोचला. जिथून तो निघाला, तिथल्या लोकांना मात्र तो शतकानुशतके विसरायला लावला गेला.

स्वतःची कंपनी

१९१८ मध्ये हायाकावा यांनी हॉवर्थ पिक्चर्स ही स्वतःची निर्मिती संस्था काढली. त्यांच्या आयुष्यातले सर्वात मोठे पाऊल कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही याकडेच बोट दाखवू. खलनायकाच्या भूमिका नाकारून घरी बसणे सोपे होते. दुसऱ्याला दूषणे देणेही सोपे होते. त्यांनी भांडवल उभे केले, कथा निवडल्या, माणसे जमवली आणि तीन-चार वर्षांत वीसहून अधिक चित्रपट काढले.

त्यातला ‘द ड्रॅगन पेंटर’ (१९१९) सुदैवाने आज उपलब्ध आहे. तात्सू नावाचा एक रानटी चित्रकार डोंगरात हिंडतो. ड्रॅगन होऊन हरवलेल्या राजकन्येच्या शोधात तो वेड्यासारखी चित्रे काढतो. एक वृद्ध गुरू त्याला घरी आणतो, मुलीशी लग्न लावतो. प्रेम मिळाल्यावर त्याची तळमळ संपते आणि चित्रेही संपतात. तृष्णा, तिची पूर्ती आणि त्यानंतरचे रितेपण यांची ही गोष्ट. नायिका त्सुरू आओकीच होत्या. पडद्यावर दोन आशियाई माणसे एकमेकांवर प्रेम करत होती आणि कथेत त्यांच्यावर न्याय करायला एकही गोरा माणूस नव्हता. मूळ कादंबरी मेरी फेनोलोसा यांची. त्यांचे पती अर्नेस्ट फेनोलोसा हे जपानमध्ये बौद्ध झालेले अमेरिकन विद्वान होते. २०१४ मध्ये अमेरिकेने हा चित्रपट आपल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत घेतला.

त्याच वर्षीच्या ‘द मॅन बिनीथ’ या चित्रपटात हायाकावा एका भारतीय डॉक्टरच्या भूमिकेत आहेत. विद्वान, सभ्य, पण वर्णामुळे प्रेमात नाकारला गेलेला. परदेशातली पदवी घेऊनही माणूस म्हणून स्वीकारला न जाणे म्हणजे काय, हे बडोद्यात राहायला जागा न मिळालेल्या बाबासाहेबांच्या अनुयायांना वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र कंपनी स्वतःची असली तरी वितरण दुसऱ्यांच्या हाती होते, प्रेक्षक गोरा होता. म्हणून साच्यातून पूर्ण सुटका झाली नाही. याच काळात त्यांचे हॉलिवूडमधले घर किल्ल्यासारखे होते आणि मेजवान्या गाजत होत्या. जुगाराचा नादही होता. शीलाच्या कसोटीवर हे आयुष्य निर्दोष नव्हते, हे लपवण्याचे कारण नाही.

हद्दपारी

महायुद्ध संपले आणि जपानविरोधी वातावरण पुन्हा पेटले. कॅलिफोर्नियाने १९२० मध्ये जमिनीचा कायदा आणखी कडक केला. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा यांच्या खटल्यात निकाल दिला की जपानी माणूस गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. १९२४ मध्ये जपानी स्थलांतराचे दारच बंद झाले. हायाकावा यांचे भागीदारांशी बिनसले होते. १९२२ मध्ये त्यांनी हॉलिवूड सोडले.

पुढची वर्षे भटकंतीची. फ्रान्समध्ये ‘ला बताय’ (१९२३) गाजला. इंग्लंडमध्ये, न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर, जपानमध्ये कामे केली. बोलपट आल्यावर १९३१ मध्ये ते ‘डॉटर ऑफ द ड्रॅगन’साठी हॉलिवूडला परतले. नायिका चिनी वंशाच्या अॅना मे वाँग. चित्रपटातला चिनी खलनायक फू मांचू मात्र वॉर्नर ओलंड या स्वीडनमध्ये जन्मलेल्या गोऱ्या नटाने रंगवला होता. आशियाई कलावंत हाताशी असताना आशियाई माणूस गोऱ्याने रंगवायचा, ही तेव्हाची रीत.

१९३७ मध्ये त्यांनी जर्मनी आणि जपान यांच्या संयुक्त निर्मितीतल्या ‘आताराशिकी त्सुची’ या चित्रपटात काम केले. हिटलरचा जर्मनी आणि लष्करशाहीचा जपान यांची दोस्ती साजरी करणारा आणि मांचुरियातील वसाहतीचा पुरस्कार करणारा तो प्रचारपट होता. अमेरिकेत वंशद्वेषाचा बळी ठरलेला कलावंत मायदेशी परतल्यावर दुसऱ्या वंशश्रेष्ठत्वाच्या सेवेला लागला. हे आम्ही टाळून पुढे जाणार नाही. शोषित असणे म्हणजे आपोआप न्यायी असणे नव्हे. बाबासाहेबांनी समतेबरोबर बंधुतेचा एवढा आग्रह का धरला, ते अशा वेळी कळते. आपल्यातही पोटजातींच्या उतरंडी आणि घरातल्या स्त्रीवरची सत्ता शिल्लक आहे, तोवर हा आरसा आपल्यासमोरही धरला पाहिजे.

त्याच वर्षी ते एका चित्रपटासाठी फ्रान्सला गेले आणि युद्ध पेटल्याने तिथेच अडकले. चित्रे विकून त्यांनी दिवस काढले. त्सुरू आओकी जपानमध्ये मुलांना एकट्या सांभाळत राहिल्या. ही ताटातूट दहा वर्षांहून अधिक चालली.

क्वाय नदीवरचा कर्नल

१९४९ मध्ये हम्फ्री बोगार्टच्या कंपनीने ‘टोकियो जो’साठी त्यांना शोधून काढले. १९५० च्या ‘थ्री केम होम’मध्ये त्यांनी युद्धकैद्यांच्या छावणीतला जपानी अधिकारी रंगवला. आणि १९५७ मध्ये आला डेव्हिड लीन यांचा ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’. चित्रीकरण श्रीलंकेत झाले होते. छावणीप्रमुख कर्नल सायतोच्या भूमिकेसाठी हायाकावा यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले. पुरस्कार मिळाला नाही. चित्रपटाला मात्र सात ऑस्कर मिळाले.

सत्तरीतल्या हायाकावा यांनी त्या कर्नलला निव्वळ राक्षस होऊ दिले नाही. वरिष्ठांच्या हुकमाखाली दबलेला, पूल वेळेत झाला नाही तर मरणाला सामोरा जाणारा, एकटा असताना रडणारा माणूस त्यांनी उभा केला. १९१५ मध्ये त्यांना जे करू दिले नव्हते, ते बेचाळीस वर्षांनी त्यांनी एका खलनायकाच्या आत शिरून केले.

तरी एक गोष्ट त्या भव्य चित्रपटात दिसत नाही. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर १२ हजारांहून अधिक दोस्त युद्धकैदी मेले. त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर मेले. त्यात ब्रह्मी होते, मलायी होते, जावाचे होते आणि मलायाच्या रबर मळ्यांतून नेलेले तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांच्यासाठी कोणी शीळ वाजवली नाही. जगाने पाहिलेल्या त्या पुलाच्या कथेत त्यांना जागाच नाही. पटकथेच्या मेजावर आपण नसलो की आपले मृत्यूसुद्धा मोजले जात नाहीत.

झेनकडे

१९६० मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. झेनने आपल्याला वाट दाखवली, हेच त्याचे सूत्र आणि त्याचे नावही त्याच अर्थाचे. त्याच वर्षी ‘हेल टू इटर्निटी’ या चित्रपटात पतिपत्नी शेवटचे एकत्र दिसले. १९६१ मध्ये त्सुरू आओकी यांचे निधन झाले. हायाकावा झेन धर्मगुरू झाले, तरुणांना अभिनय शिकवत राहिले. २३ नोव्हेंबर १९७३ रोजी टोकियोत त्यांचे निधन झाले.

इथे आमचा एक प्रश्न आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. मनाची शांती पुरेशी आहे का? झेनने एका मोडलेल्या मुलाला जगवले, कलावंताला अभिनयाची भाषा दिली, अपमान आणि वैभव दोन्ही पचवण्याची ताकद दिली. हे थोडे नाही. पण त्याच जपानमधल्या अनेक झेन संस्थांनी युद्धकाळात लष्करशाहीला साथ दिली, हाही इतिहास आहे. करुणेपासून तुटलेली शांती सत्तेच्या सोयीची होते. म्हणूनच बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला, त्यात प्रज्ञेच्या शेजारी करुणा आहे आणि ध्यानाच्या शेजारी समाज आहे. ध्यान नको, असे आम्ही म्हणत नाही. चळवळीत थकलेल्या, चिडलेल्या, आतून कोसळलेल्या कार्यकर्त्यांना त्याची फार गरज आहे. मात्र ध्यानातून उठल्यावर माणूस कोणाच्या बाजूला जाऊन उभा राहतो, ते पाहायचे.

आपला पडदा

आपल्याकडे काय झाले? ‘अछूत कन्या’त (१९३६) अस्पृश्य मुलगी देविका राणींनी रंगवली. ‘सुजाता’त (१९५९) नूतन होत्या आणि आनंद-चांडालिकेची कथाही होती, पण सुजाताला स्वीकारले गेले ते तिने रक्त दिल्यावर. माणूस म्हणून मान्य होण्याआधी उपयोगी ठरावे लागले. मल्याळम चित्रपटाची पहिली नायिका पी. के. रोझी या दलित स्त्रीने नायर स्त्रीची भूमिका केली म्हणून तिला गाव सोडून पळावे लागले. ‘फँड्री’मधला जब्याचा दगड पडद्यातून थेट आपल्याकडे यायला २०१३ साल उजाडावे लागले. हायाकावा यांनी स्वतःची कंपनी काढली त्यानंतर ९५ वर्षांनी!

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. प्रत्येक विहारात, प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक युवक मंडळात अशी एक चित्रपटमालिका व्हावी. वर्षावासाचे तीन महिने त्यासाठी चांगले आहेत. एक प्रोजेक्टर, एक पांढरी चादर आणि दर पंधरवड्याला एक चित्रपट. ‘द चीट’ आणि ‘द ड्रॅगन पेंटर’ हे जुने मूकपट आता अमेरिकेत स्वामित्वहक्काच्या बंधनात नाहीत. आधी ‘द चीट’ दाखवा, मग ‘द ड्रॅगन पेंटर’. एकाच माणसाचा चेहरा दुसऱ्याच्या कथेत कसा दिसतो आणि स्वतःच्या कथेत कसा दिसतो, हे मुलांना व्याख्यानाशिवाय कळेल. त्यानंतर ‘सुजाता’ आणि ‘फँड्री’ लागोपाठ दाखवा. प्रत्येक चित्रपटानंतर तासभर चर्चा ठेवा. मुलींना आधी बोलू द्या.

आणि जपून ठेवायला शिका. अमेरिकेतल्या मूकपटांपैकी सुमारे ७० टक्के कायमचे नष्ट झाले आहेत, हायाकावा यांचेही अनेक चित्रपट त्यात गेले. आपल्या घरोघरी जुन्या भीमजयंतीच्या फिती, गायनपार्ट्यांच्या कॅसेटी, मोर्च्यांचे फोटो, नामांतराच्या लढ्यातली पत्रके कपाटात कुजत आहेत. ती बाहेर काढा, त्यावर नाव-गाव-तारीख लिहा, प्रती करून दोन ठिकाणी ठेवा.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. हायाकावा यांना जे भांडवल उभे करावे लागले, त्याचा छोटासा अंशही आता लागत नाही. तेव्हा दुसऱ्याच्या पटकथेतल्या चांगल्या भूमिकेची वाट पाहत बसू नका. कथा आपली, कॅमेरा आपला आणि दाखवण्याची जागाही आपली, एवढे तरी या पिढीने करून दाखवावे.

जयभीम. नमो बुद्धाय.